सोयाबीन पाण्यात गेलं, म्हणजे देवानं न्याय केला का?

जय ख्रिस्त भाऊ. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, एकदा एसटीत आणि एकदा घरी येऊन चष्मा लावून, आणि उत्तर लांबणार हे तेव्हाच कळलं. ज्यांनी प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाऊ घनसावंगी तालुक्यातले, घरी साडेतीन एकर, 9 वर्षांपूर्वी आईवडिलांनी बाप्तिस्मा घेतला. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन उभं कुजलं, शेंगांना कोंब फुटले, गोठा पडला आणि म्हैस गेली. आता आत्या म्हणती कुलदैवत सोडलं म्हणून हे झालं. प्रार्थना ग्रुपमधले म्हणायलेत घरात कुठंतरी लपलेलं पाप आहे, हा न्याय आहे, न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून होते असं वचनातच आहे. एका सभेतल्या प्रचारकानं सांगितलं 11 हजारांचं बी पेरा, शंभरपट आशीर्वाद येईल, आणि वडील ते पैसे उसने घेऊन द्यायला निघालेत. तुमचे पाळक म्हणाले सगळं देवाच्या गौरवासाठी असतं, आणि चहा घेऊन गेले. तुम्ही विचारलंय यातलं खरं कुणाचं.

मी स्वतः पाळक आहे, 24 वर्षं झाली, जालना-अंबड-परतूर या पट्ट्यातच फिरलो. सेमिनरीत शिकलो ते वेगळं आणि लोकांच्या ओट्यावर बसून शिकलो ते वेगळं, दुसऱ्यातलं जास्त कामाला आलं. त्यामुळं हे पुस्तकी उत्तर नाही, आणि दुसरा एखादा पाळक काही गोष्टींत माझ्याशी भांडेलही, भांडू द्या.

आधी पैशाचं, कारण ते घाईचं आहे, बाकी गोष्टी थांबू शकतात. वडलांना आजच सांगा की उसने काढून द्यायचं नाही. एक रुपयाही नाही. तो प्रचारक जे शंभरपट म्हणतो ते मार्कच्या 10व्या अध्यायात आहे, जरूर आहे, पण तिथं शंभरपट घरं, भाऊ, बहिणी, शेतं असं म्हणताना येशू मध्येच 'छळणुकीसह' असाही शब्द टाकतो. स्टेजवरून हा शब्द मी कधी ऐकला नाही. बी पेरण्याचा दाखला सगळ्यांना पाठ आहे पण त्यात बी म्हणजे वचन आहे, नोटा नाहीत, हे येशूनं स्वतःच खाली उलगडून सांगितलंय. आणि मलाखीचं 3 रं, "दशमांश आणा आणि मला अजमावून पाहा", हे 10वं वचन मोठ्यानं वाचणाऱ्याला तुम्ही त्याच अध्यायातलं 5वं वाचायला सांगा. तिथं देव म्हणतो मी न्यायाला येतोय, कुणाच्या विरुद्ध, तर मजुराची मजुरी दाबणाऱ्याच्या, विधवेला आणि पोरक्याला छळणाऱ्याच्या, परक्याचा हक्क मारणाऱ्याच्या. म्हणजे ज्या पानावर आशीर्वादाचं आश्वासन आहे त्याच पानावर न्याय आहे आणि तो मजुरीवरून आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा असं सांगितलंय, उपासनेची सेवा करणाऱ्या लेव्याला, परक्याला, पोरक्याला, विधवेला पोटभर जेवता यावं म्हणून. आता म्हैस गेलेल्या, पीक गेलेल्या माणसाकडून उसने काढायला लावून ते गाडी घेऊन आलेल्याला द्यायचे, हा उलटा दशमांश झाला. यंदा तुम्ही देणाऱ्यांत नाही, घेणाऱ्यांत आहात, त्यात लाज कसली.

आता मूळ मुद्दा. तुमच्याकडं चार जण आले, पण नीट बघितलं तर आत्या, प्रार्थना ग्रुप आणि प्रचारक हे तिघं एकच बोलायलेत. आत्या म्हणती जुन्या देवाची बाकी राहिली म्हणून वसुली झाली. ग्रुपवाले म्हणतात नव्या देवाची बाकी राहिली म्हणून वसुली झाली. प्रचारक म्हणतो ॲडव्हान्स भरा म्हणजे वसुली होणार नाही. तिघांच्या डोक्यात किराणा दुकानातली उधारीची वही आहे, नाव तेवढं वेगवेगळं लिहिलंय. आत्यावर मात्र चिडू नका, ती घाबरली आहे आणि तुमच्यावर माया आहे म्हणून घाबरली आहे, बाकीच्या दोघांबद्दल तसं मी लगेच म्हणणार नाही.

ही वही काही बाहेरून आलेली नाही, बायबलमध्येही ती आहे आणि हे लपवून उपयोग नाही. अनुवादाचा 28वा अध्याय काढा. आज्ञा पाळाल तर वेळेवर पाऊस, टोपलीला आणि परातीला आशीर्वाद; नाही पाळल्या तर डोक्यावर तांब्याचं आभाळ आणि पायाखाली लोखंडाची जमीन, टोळ, कीड, दुसऱ्यानं खाल्लेलं पीक. एवढं स्पष्ट आहे. पण दोन गोष्टी बघा. एक तर तो करार एका राष्ट्राशी होता, साडेतीन एकरवाल्या एका घराशी नाही, आणि संदेष्टे तो इशारा संकट यायच्या आधी द्यायचे, तोही बहुतेक करून राजाच्या तोंडावर, जीव धोक्यात घालून. पीक गेल्यावर गरिबाच्या दारात येऊन "मला आधीच वाटलं होतं" म्हणणारा संदेष्टा मला अख्ख्या जुन्या करारात सापडला नाही. दुसरं, त्याच बायबलमध्ये काही दोष नसताना सगळं गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक आहे, आणि ते या वहीच्या विरुद्ध लिहिलेलं 42 अध्यायांचं भांडण आहे. ईयोबाचे तीन मित्र आपल्या प्रार्थना ग्रुपसारखंच बोलतात, वचनं तोंडपाठ, आणि शेवटी देव त्यांनाच म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. ते मित्र सुरुवातीला मात्र चांगले वागले बरं का, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तोंड उघडलं आणि घाण केली.

हे मी दुसऱ्याला हसून सांगत नाही. माझ्या पाळकपणाच्या तिसऱ्या वर्षी आमच्या मंडळीतल्या एका बाईचं चार वर्षांचं पोरगं तापानं गेलं. मी गेलो, प्रार्थना केली, आणि मग मोठ्या शहाणपणानं विचारलं, "ताई, घरात काही कबूल करायचं राहिलंय का?" ती काही बोलली नाही. मांडीवर सूप होतं, तुरीतले खडे निवडत होती, ती निवडतच राहिली. त्यानंतर चार वर्षं ती चर्चला आली नाही. मला वाटत राहिलं की बघा, हिचं मन कठीण झालं. शेवटी आमची मिसेस म्हणली, तुम्ही जाऊन पाया पडा. गेलो. तिनं चहा केला, स्टीलच्या पेल्यात, आणि म्हणली, "पाळकसाहेब, त्या दिवशी तुम्ही नुसते बसून राहिले असते तरी चाललं असतं." मी ते वाक्य डायरीत लिहून ठेवलंय, प्रवचनापेक्षा जास्त वेळा वाचलंय. ती आता येते, पहिल्या बाकावर बसत नाही, दाराजवळ बसते, आणि मी तिला पुढं या असं कधी म्हणत नाही.

आता न्याय. लूकच्या 13व्या अध्यायात लोक येशूकडं ताजी बातमी घेऊन येतात की पिलातानं काही गालीलकरांना मारलं, तेही यज्ञ करत असताना. येशू स्वतःहून त्यात दुसरी बातमी घालतो, शिलोहातला बुरूज पडून 18 माणसं गेली ती. आणि विचारतो, ते 18 जण यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त गुन्हेगार होते असं वाटतं का? आणि उत्तरही तोच देतो, नाही. सरळ नाही. मग म्हणतो, पण तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही असाच नाश होईल. म्हणजे मेलेल्यांचा हिशोब बंद केला आणि विचारणाऱ्यांचा उघडला.

हे वचन मला कळलं ते किल्लारीत. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमाराला धरणी हलली, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक दमून झोपले होते. लातूर-उस्मानाबाद मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा औरंगाबादला कॉलेजात होतो, चर्चच्या पोरांबरोबर ट्रकमधून ब्लँकेट आणि बिस्किटं घेऊन गेलो. ट्रकमध्ये आमच्यातलाच एक जण म्हणत होता, बघा मिरवणूक काढली आणि रात्रीच न्याय झाला. गावात उतरल्यावर काय दिसलं, तर ज्यांच्या दोन-अडीच फूट जाड दगडामातीच्या भिंती होत्या आणि वर माळवदाची फूट-फूट माती होती ते सगळ्यात जास्त गेले, आणि गावाच्या कडेला कुडाच्या, पत्र्याच्या झोपडीत राहणारे बरेच वाचले. भिंत कुणाची पूजा केली ते बघून पडली नाही, चिखलात रचलेला दगड होता म्हणून पडली. आमचा तो भाऊ येताना काही बोलला नाही. मला विचाराल तर न्याय असलाच तर तो आमचा होता, ट्रकमधल्यांचा, तोही त्या रस्त्यावरच झाला.

लूक तिथंच थांबत नाही, लगेच अंजिराच्या झाडाचा दाखला देतो, आणि शेतकऱ्यानं हा दाखला पाळकापेक्षा चांगला सांगावा. मालक तीन वर्षं फळ बघायला येतो, फळ नाही, म्हणतो तोडा, उगाच जागा अडवतंय. माळी म्हणतो, मालक, यंदा अजून राहू द्या, मी भोवतीनं खणतो, खत घालतो. आमच्याकडं 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या तेव्हा ज्यांनी कुऱ्हाड उचलली आणि ज्यांनी टँकरनं पाणी घालून "अजून एक साल बघू" म्हणलं ते दोन्ही शेतकरी मी बघितलेत. ख्रिस्ती शिकवणीत देवाचा न्याय असा आहे, त्यात कुऱ्हाड आहे हे मी नाकारत नाही, पण ती उचलायच्या आधी कुणीतरी गुडघ्यावर बसून शेणखत घालतंय. ग्रुपवाल्यांचं वचन, न्याय देवाच्या घरापासून सुरू होतो, ते 1 पेत्र 4 मधलं आहे आणि तिथं विषय आहे ख्रिस्ताच्या नावामुळं होणाऱ्या छळाचा. दोनच वचनं आधी पेत्र सांगतो की खून, चोरी केली म्हणून दुःख भोगू नका, ख्रिस्ती म्हणून भोगावं लागलं तर लाजू नका. शेंगांना कोंब येण्याचा त्यात काही संबंध नाही.

मग न्याय म्हणजे काहीच नाही का? आहे, आणि तो चांगली बातमी आहे, हेच आपण विसरलो. स्तोत्र 96 वाचा. त्यात परमेश्वर न्याय करायला येतोय म्हणून शेतं उल्हासतात आणि रानातली झाडं गातात. झाडं घाबरत नाहीत, गातात! कारण ज्याचं कुणी ऐकत नाही त्याला न्याय पाहिजेच असतो. लूक 18 मधली विधवा न्यायाधीशाच्या दारात रोज जाते ती न्याय टाळायला नाही, मागायला जाते. आपल्याकडं तहसीलला चकरा मारणाऱ्या बाया बघा म्हणजे दाखला कळतो. न्याय नको असतो तो काटा मारणाऱ्याला.

काट्यावरून आठवलं आणि इथं मला गौरवाकडं वळायचं आहे. तुम्ही मोंढ्यात माल घेऊन गेलात की व्यापारी मूठभर सोयाबीन मशीनमध्ये टाकतो, मॉइश्चर किती बघतो, काडीकचरा धरतो, मग काट्यावर चढवतो आणि तोंड वाकडं करून म्हणतो, हलका आहे. आता इब्री भाषेत गौरवाला जो शब्द आहे, कावोद, त्याचा मूळ अर्थ वजन, जडपणा. आणि आपला मराठी गौरव शब्द बघा, तो संस्कृत गुरू वरून आला आणि गुरू म्हणजे जड. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकच बोलल्या. आपणही म्हणतोच की, त्या माणसाच्या शब्दाला वजन आहे. देवाचं गौरव म्हणजे आधी लखलखाट नाही, देवाचं वजन. ज्याच्यापुढं बाकीचं हलकं पडतं. दानीएलच्या 5व्या अध्यायात बेलशस्सर राजाच्या भिंतीवर जे लिहून येतं त्यातला एक शब्द 'तकेल', तुला ताजव्यात तोललं आणि तू कमी भरलास. तो न्याय होता, आणि त्यात गाय मेली, पीक गेलं असं काही नव्हतं. उलट त्या रात्री राजाच्या घरी हजार सरदारांची मेजवानी चालली होती, दारू मंदिरातल्या सोन्याच्या भांड्यांतून पीत होते. भरलेल्या घरावरही न्याय असू शकतो आणि रिकाम्या घरात गौरव असू शकतं, ही गोष्ट उधारीच्या वहीत बसतच नाही.

मग हे वजन दिसतं कुठं? निर्गम 33 मध्ये मोशे म्हणतो मला तुझं गौरव दाखव. देव म्हणतो, मी माझा सगळा चांगुलपणा तुझ्यापुढून नेईन. मागितलं गौरव, दाखवला चांगुलपणा. आणि योहानाच्या 12व्या अध्यायात येशू म्हणतो आता मनुष्याच्या पुत्राचं गौरव व्हायची वेळ आली, आणि जरा खाली म्हणतो आता या जगाचा न्याय होतोय. कुठल्या वेळेबद्दल बोलतोय तो? वधस्तंभाबद्दल. गौरव आणि न्याय एकाच जागी, एकाच शुक्रवारी, आणि तिथं जो टांगला होता त्याच्याकडं अंगावरचा कपडाही राहिला नव्हता, तोही शिपायांनी चिठ्ठ्या टाकून घेतला. पौल गलतीकरांना लिहितो की झाडावर टांगलेल्यावर शाप असतो तो त्यानं आपल्यासाठी घेतला, आणि कशासाठी, तर अब्राहामाचा आशीर्वाद परराष्ट्रीयांपर्यंत पोचावा म्हणून. म्हणजे अनुवाद 28 ची शापाची यादी आता एखाद्याच्या शेताच्या बांधावर येऊन वाचायची सोयच राहिली नाही. जो वाचतो तो वधस्तंभ वाया गेला म्हणतो, त्याला ते कळत नसेल एवढंच.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, पीक जाणं म्हणजे शिक्षा नाही, पीक येणं म्हणजे पास झाल्याचं सर्टिफिकेट नाही, न्याय आहे पण तो मजुरी, काटा आणि विधवा इथून सुरू होतो, आणि गौरव म्हणजे देवाचा चांगुलपणा वजनानं जाणवणं.

आता तुमच्या पाळकांचं वाक्य. "सगळं देवाच्या गौरवासाठी" हे योहान 11 मधून आलंय, आपल्या मित्राच्या, लाजराच्या आजाराबद्दल येशू म्हणतो की हे देवाच्या गौरवासाठी आहे. वाक्य खोटं नाही. पण जो हे बोलला तोच थोड्या वेळानं त्या कबरेपाशी रडला, मेलेला लाजर परत जिवंत उठणार हे माहीत असताना रडला. योहान 9 मध्ये जन्मापासून आंधळ्या माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, यानं की आईबापानं, तेव्हा येशू म्हणतो दोघांनीही नाही, देवाची कामं याच्यात दिसावीत. आणि असं म्हणून पुढं गेला नाही, तिथंच जमिनीवर थुंकला, चिखल केला, डोळ्यांना लावला. हात घाण केले. तेव्हा हे वाक्य बोलायचा हक्क ज्याला आहे त्यानं एक तर रडावं नाही तर चिखलात हात घालावा. तुमच्या पाळकांना मी ओळखत नाही, त्यांच्यावर पाच-सहा गावं असतील, पेट्रोलला पैसे नसतील, मीही असा चहा पिऊन निघालेलो आहे. पण त्यांना परत बोलवा आणि पडलेल्या गोठ्याची दगडं उचलायला चार पोरं मागा. बघा तर काय होतं.

राहिला आशीर्वाद. उपासनेच्या शेवटी पाळक हात वर करतो, आपण माना खाली घालतो आणि तो म्हणतो परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो, तुला शांती देवो. हे गणना 6 मधलं. हे शब्द पहिल्यांदा कुणाला सांगितले, तर सीनायच्या रानात तंबू ठोकून राहिलेल्या लोकांना. त्यांच्याकडं एक गुंठा जमीन नव्हती. आणि त्यात मागितलंय काय, राखण, कृपा, शांती, आणि देवाचा चेहरा आपल्याकडं वळलेला असणं. लहान लेकराला बापाचा चेहरा आपल्याकडं आहे एवढं कळलं तरी ते रडायचं थांबतं, तसं आहे ते. पिकाचा आशीर्वाद नसतो असं मी म्हणत नाही. पाऊस देवाचाच, मी स्वतः पेरणीच्या वेळी तिफणीवर हात ठेवून प्रार्थना करतो. पण मत्तय 5 मध्ये आहे तसं तो दुष्टांवर आणि चांगल्यांवर दोघांवरही पाऊस पाडतो, आणि मराठवाड्याच्या माणसाला मी सांगायला नको की जास्त पडला तरी दोघांवरच पडतो.

जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव आहे, तुम्हाला माहीत असेल. 1843 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी इकडं जालन्याला येऊन काम केलं आणि ते वसवलं. नाव घेतलंय उत्पत्ती 28 वरून, जिथं याकोब घरातून पळून जाताना दगड उशाशी घेऊन झोपतो. भावाला फसवून आलेला माणूस. झोपेत देव त्याला म्हणतो मी तुझ्याबरोबर आहे, तुला राखीन, परत आणीन, अटी काही नाहीत. सकाळी उठून याकोब काय करतो? नवस बोलतो! मला भाकर दिली, कपडे दिले, सुखरूप परत आणलं तर तू माझा देव, मग दशमांश देईन. जे आधीच फुकट मिळालंय त्याचा सौदा करतो. मला याकोब लई आवडतो या बाबतीत, अगदी आपल्याकडचा माणूस वाटतो. आणि देव त्या सौद्यावर काही बोलत नाही, जे बोलला होता ते करतो. आशीर्वाद आधी, नवस नंतर, हा क्रम तुमच्या वडलांना सांगा, 11 हजारांचा विषय आपोआप सुटेल.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. पीक पावसानं गेलं, पण अंगावर जे कर्ज आहे ते कशाचं आहे? बियाणं-खताचं असेल तर एक, लग्नातल्या मांडवाचं किंवा बाटलीचं असेल तर दुसरं. पेरलं तेच उगवतं हेही गलतीच्या पत्रातच आहे आणि काही दुःखं आपण स्वतःच्या हातानं पेरलेली असतात, तिथं पश्चात्ताप हाच शब्द बरोबर आहे. दुसरं, खुरपणीवाल्या बायांची मजुरी राहिली आहे का? नव्या करारात याकोबाचं पत्र आहे (हा याकोब वेगळा), त्याच्या 5व्या अध्यायात दाबलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय. राहिली असेल तर अनुदान आल्यावर पहिले पैसे त्यांना. हे मी आरोप म्हणून नाही विचारत, माझ्याच सख्ख्या भावाला मी हे विचारलं होतं आणि तो आठ दिवस बोलला नव्हता. पण ग्रुपमधल्या कुणाला घरात लपलेलं पाप शोधत बसायचा अधिकार नाही, ते तुम्ही आणि देव बघा, दार लावून.

आणि एक शेवटचं जे खरं तर पहिलं लिहायला पाहिजे होतं. तुम्ही प्रश्नात सहज लिहिलंय की वडील रात्री झोपत नाहीत, गोठ्याच्या जागेवर जाऊन बसतात. हे सहज घेऊ नका. आपल्या भागात या गोष्टीची किंमत आपण बघितली आहे. त्यांना एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरात असेल तर शेजाऱ्याकडं नेऊन ठेवा, आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416 नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतः लावून वडलांच्या हातात द्या. यात विश्वास कमी पडतो असं कुणी म्हणलं तर त्याला माझा निरोप द्या की एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवानं त्याला प्रवचन दिलं नाही, झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, आणि परत झोपू दिलं.

प्रार्थना काय करायची असं विचाराल तर हबक्कूकचा 3रा अध्याय काढा, शेवटची तीन वचनं. अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्हास करीन. पण एक सांगतो, यातला 'तरी' आज म्हणता येत नसेल तर म्हणू नका, वरची यादीच वाचा, पीक नाही, गुरं नाहीत, तेवढंच वाचून आमेन म्हणा. यादी वाचणं हीपण प्रार्थनाच आहे. 'तरी' यायचा तेव्हा येईल, मला त्या पोरगं गेलेल्या ताईकडून कळलं की त्याला वर्षं लागू शकतात.

पंचनामा झाला का ते लिहिलं नाही तुम्ही. म्हशीचाही व्हायला पाहिजे, पशुवैद्यकीय डॉक्टरचा दाखला लागतो, फोटो काढून ठेवले असतील तर बरं. आमच्या मंडळीत एक रिटायर तलाठी आहेत, कागदाचं सगळं त्यांना कळतं, रविवारी उपासना 10 ला संपते तेव्हा ते बाहेर लिंबाखाली बसलेले असतात. सातबारा, आधार, पासबुक घेऊन या, वडलांनाही आणा, आणि आत्याला यायचं असेल तर त्यांनाही. उपासनेला बसलंच पाहिजे असं काही नाही, जेवायला मात्र थांबा, त्या दिवशी आमच्याकडं वरण-बट्टी असते.